वाचक विचारतात: सिकंदराची चांदी, मिनँडरचे ड्रॅक्म आणि आपला नहपान

मागच्या अंकात हेलेनिस्टिक काळातल्या, म्हणजे साधारण सिकंदर गेला त्या इ.स.पू. ३२३ पासून क्लिओपात्रा गेली त्या इ.स.पू. ३० पर्यंतच्या, चांदीच्या नाण्यांवर लिहिलं होतं. त्यावर पत्रं, ईमेल, व्हॉट्सअ‍ॅप बरंच आलं. बरेच प्रश्न एकसारखेच होते, त्यामुळे निवडक घेतलेत. नावं मुद्दाम छापलेली नाहीत, कारण घरात जुनी चांदी आहे हे गावभर कळायची गरज नाही.

प्रश्न: ताई, मी पुण्यात आयटीत आहे, संग्रह अजून काहीच नाही. सिकंदराचं एक ओरिजिनल चांदीचं नाणं घ्यायचं मनात आहे. ऑक्शनमध्ये काही नाण्यांपुढे ‘लाइफटाइम’ असं लिहिलेलं असतं आणि त्यांचा भावही चढा असतो. ती खरंच त्याच्या हयातीतली असतात का? आणि सुरुवात यानेच करावी का? (पुणे)

उत्तर: सिकंदराच्या नावाची नाणी तो गेल्यावर थांबली नाहीत, उलट त्यानंतर कितीतरी वर्षं पडतच राहिली, कारण बाजारात त्या नाण्याची पत होती आणि सैनिकांना पगारात तेच हवं असायचं. त्याचे सरदार तीच छापत होते, मग आशिया मायनरमधली शहरं छापत होती, आणि काळ्या समुद्राकाठच्या ओडेसस नि मेसेम्ब्रियात तर इ.स.पू. पहिल्या शतकापर्यंत हा प्रकार चालू होता. म्हणजे नाण्यावर ‘अलेक्झांड्रू’ असं लिहिलंय यावरून ते त्याच्या काळातलं आहे असं मुळीच ठरत नाही.

मग ओळखायचं कसं? दर्शनी बाजूला सिंहाचं कातडं डोक्यावर घेतलेला हेराक्लीज असतो, मागे सिंहासनावर बसलेला झ्यूस, एका हातावर गरुड, दुसऱ्या हातात राजदंड. त्या झ्यूसचे पाय बघा. हयातीतल्या बहुतेक नाण्यांत दोन्ही पाय समांतर असतात, नंतरच्या पुष्कळ नाण्यांत एक पाय मागे घेऊन दुसऱ्यामागे आडवा टाकलेला दिसतो. याला अपवाद आहेत, त्यामुळे फक्त पायांवरून पैसे मोजू नका. खरी ओळख पटते ती झ्यूसच्या पुढे आणि सिंहासनाखाली असलेल्या छोट्या खुणांवरून, एखादी मशाल, चंद्रकोर, जोडाक्षरासारखी गुंफलेली ग्रीक अक्षरं वगैरे, कारण त्यावरून टांकसाळ आणि साधारण वर्षं कळतात. मार्टिन प्राइस यांनी १९९१ मध्ये या सगळ्या प्रकारांची सूची केली, म्हणून डीलर ‘प्राइस अमुक’ असा नंबर देतात (नवख्यांना ती किंमत वाटते, ती नाही). तोच नंबर अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीच्या ‘पेला’ या फुकट ऑनलाइन कॅटलॉगमध्ये टाकायचा आणि समोर आलेले फोटो तुमच्या नाण्याशी एकेक खूण ताडून बघायचे. डीलरने नंबरच दिला नसेल तर विचारा, आणि विचारूनही देत नसेल तर ते नाणं सोडा.

सुरुवात टेट्राड्रॅक्मने, म्हणजे चार ड्रॅक्मच्या त्या १७ ग्रॅमच्या मोठ्या नाण्याने करू नका असं माझं स्पष्ट मत आहे. ते दिसायला राजेशाही असतं हे खरं, पण नकली बनवणाऱ्यांचाही सगळा जोर तिथेच असतो. एक ड्रॅक्म घ्या, सव्वाचार ग्रॅमच्या आसपासचं. लॅम्प्साकस, सार्डिस, कोलोफोन, मिलेटस अशा टांकसाळींतून ती प्रचंड संख्येने पडली, त्यामुळे आजही बऱ्यापैकी मिळतात आणि चित्र तेच असतं, हेराक्लीज आणि झ्यूस. किंवा मी असते तर मिनँडर या आपल्या वायव्येकडच्या ग्रीक राजाचं ड्रॅक्म घेतलं असतं, त्याबद्दल पुढे येतंयच.

प्रश्न: मी लायसिमॅकसचं टेट्राड्रॅक्म घेतलं, सिकंदराच्या डोक्यावर मेंढ्याचं शिंग असलेलं. घरी आणून वजन केलं तर १४.९ ग्रॅम भरलं. विकणारा म्हणतो जुनं आहे, झिजलंय. नाक, डोळा, केस सगळं तर छान दिसतंय. काय समजायचं? (कोल्हापूर)

उत्तर: तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे हो. दोन-सव्वादोन ग्रॅम चांदी झिजून गेली असती तर नाक आणि केस शाबूत राहिले नसते. लायसिमॅकस हा सिकंदराचा सरदार, पुढे थ्रेसचा राजा झालेला; त्याची नाणी अ‍ॅटिक, म्हणजे अथेन्सच्या वजनाच्या मापाची, नवं नाणं १७.२ ग्रॅमच्या आसपास, वापरलेलं असेल तर साडेसोळा-सतरा. १४.९ भरणारं आणि तरी चांगलं दिसणारं नाणं म्हटलं की माझ्या मनात दोनच शक्यता येतात. एक, ते प्राचीन काळातलंच खोटं नाणं असेल, आत तांबं आणि वरून चांदीचा पत्रा, तेव्हाही लबाडी होतीच. अशा नाण्यात कडेला किंवा उंच भागावर पत्रा फाटून आतलं तांबं हिरवट-लालसर डोकावतं. दुसरी, आणि जास्त शक्यता असलेली, म्हणजे आताचं ओतीव नाणं.

वजनाबद्दल एक सावधगिरी सांगून ठेवते, नाहीतर कुणीतरी चांगलं नाणं परत करून येईल. सगळीकडे १७ ग्रॅमचंच माप नव्हतं. इजिप्तमध्ये पहिल्या टॉलेमीने वजन टप्प्याटप्प्याने उतरवत १४.२ ग्रॅमवर आणलं, बाहेरचं नाणं त्याच्या राज्यात चालत नसे, बदलून घ्यावं लागे, त्यामुळे ते हलकं नाणं तिथे बिनबोभाट चालायचं. पर्गामनचं नागाचं चित्र असलेलं सिस्टोफोरस १२.६ च्या आसपास. आपल्याकडच्या इंडो-ग्रीक, म्हणजे वायव्य भारतात राज्य केलेल्या ग्रीक राजांचं टेट्राड्रॅक्म तर ९.८ ग्रॅम. तेव्हा आधी राजा आणि टांकसाळ ओळखायची, मगच काटा बघायचा. पण लायसिमॅकसला १४.९ ही सबब लागू होत नाही.

आता ते नाणं हातात घ्या आणि भिंगाखाली आधी कड बघा, चेहरा नंतर. खरं नाणं दोन ठशांमध्ये तापलेली चकती ठेवून हातोड्याने ठोकलेलं असतं, त्यामुळे धातू बाहेरच्या बाजूला ओढला जातो, कडेला छोट्या चिरा पडतात, अक्षरांच्या बाजूने बारीक ओढलेल्या रेषा दिसतात. ओतीव नाण्यात कडेला दोन अर्ध्या साच्यांचा सांधा असतो किंवा तो सांधा घासून काढलेल्या कानशीच्या खुणा असतात, सपाट भागात सुईच्या टोकाएवढे खड्डे असतात, आणि सगळी अक्षरं साबणाच्या वडीवरचं नाव बुजत जातं तशी मऊ दिसतात. खरी झीज उंच भागावर आधी होते, गाल, भुवई, केस, आणि खोलगट भाग धारदार राहतो. सगळीकडे सारखाच मऊपणा असेल तर ती झीज नव्हे.

अजून एक करा, मला ही तपासणी सगळ्यात भरवशाची वाटते. तुमच्या नाण्याचा फोटो नेटवर विकल्या गेलेल्या लायसिमॅकसच्या फोटोंशी ताडून बघा. एकाच ठशाची दोन खरी नाणी सापडू शकतात, त्यात चित्र जुळेल, पण चकतीचा आकार, चित्र कुठल्या बाजूला सरकलंय ते, कडेची चीर, हे जुळणार नाही, कारण प्रत्येक चकती वेगळी ठोकलेली. हे सगळंच्या सगळं जुळणारं दुसरं नाणं सापडलं तर निदान एक तरी ओतीव आहे, बहुतेक दोन्ही.

चुंबक लावून बघायचं तर बघा, पण चांदी चिकटत नाही तसं तांबंही नाही आणि शिसंही नाही, तेव्हा फक्त लोखंडी माल पकडला जाईल. आणि खण्णकन वाजतंय का ते बघायला फरशीवर टाकू नका, प्लीज. दोन हजार वर्षं जमिनीत पडलेली चांदी आतून ठिसूळ झालेली असू शकते, वरून धडधाकट दिसणारं नाणं टिचून दोन तुकडे होतात आणि तुटलेल्या जागी आत साखरेसारखा रवा दिसतो.

ठोकून बनवलेलं नकली मात्र कठीण. जर्मनीचा कार्ल विल्हेल्म बेकर (१७७२–१८३०) स्वतः पोलादी ठसे कोरायचा आणि खऱ्या चांदीवर ठोकायचा, आणि नाणी जुनी दिसावीत म्हणून ती लोखंडाच्या किसासकट पेटीत भरून घोडागाडीला बांधून फिरवून आणायचा असं सांगतात. त्याचे ठसे आज बर्लिनच्या संग्रहालयात आहेत. अशा मालापुढे भिंग आणि काटा पुरत नाही, तिथे जाणकारालाच दाखवावं लागतं. तुमचं नाणं परत करायची मुदत शिल्लक असेल तर आजच लेखी कळवा, वजनाचा फोटो जोडून.

प्रश्न: आजोबांच्या पेटीत तीन काळी पडलेली ग्रीक नाणी निघाली. सासूबाई म्हणतात चिंच लावून उजळून घे. लावू का? (सांगली)

उत्तर: नको. चिंच नको, राख नको, टूथपेस्ट नको, सराफाकडचं पॉलिश तर अजिबात नको. तो काळपट थर बहुतेक वेळा चांदीवर हवेने चढलेला असतो आणि संग्राहक त्याचेच पैसे देतात, एकदा घासलं की ती कातडी परत येत नाही आणि भावही. सासूबाईंना सांगा की देवाची भांडी वेगळी आणि ही वेगळी. माती लागली असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत ठेवा, पाणी बदलत राहा, मऊ टिश्यूवर नुसतं टेकवून टिपा. जाड, करड्या-जांभळट, मेणासारख्या पापुद्र्याला हात लावू नका, तो चांदीचा क्लोराइड असतो आणि काढताना खालचं चित्र निघून येतं. ठेवायला मऊ प्लास्टिकचे पीव्हीसी पाउच वापरू नका, काही वर्षांनी त्यातून हिरवा चिकट थर नाण्यावर उतरतो. मायलारचे फ्लिप मिळतात ते घ्या.

आणि पेटीत आजोबांची एखादी चिठ्ठी, पावती, जुनं पाकीट असेल तर ते नाण्याइतकंच जपा. कुठून, कधी घेतलं हे लिहिलेला चिटोरा असला तर ती नाणी वेगळीच होतात. का ते न्यू जर्सीच्या उत्तरात लिहिलंय.

प्रश्न: मी इतिहास शिकवतो. विद्यार्थी विचारतात, सर, ग्रीक नाण्यांचा आपल्याशी काय संबंध? वायव्येला पंजाब-गांधारापर्यंत ठीक आहे, पण महाराष्ट्रात? (नाशिक)

उत्तर: सर, तुम्ही नाशिकला बसून हे विचारताय याचा मला फार आनंद झाला, कारण उत्तर तुमच्याच जिल्ह्यात सापडलंय.

मिनँडर, आपल्या पाली ग्रंथातला मिलिंद, आणि त्याच्या आधीचा अपोलोडोटस, यांची चांदीची ड्रॅक्म अडीच ग्रॅमला थोडी कमी, २.४५ च्या आसपास. एका बाजूला ग्रीक, दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपीत प्राकृत. ही राज्यं संपल्यावरही नाणी फिरतच राहिली. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली, ‘पेरिप्लस’ म्हणतात ती, त्यात तो सांगतो की भरुचमध्ये अपोलोडोटस आणि मिनँडर यांच्या नावांची जुनी ड्रॅक्म अजून चालतात. त्याच भरुचला पैठण आणि तेरहून माल जायचा हेही तो लिहितो, आपलं कल्याणही त्यात आहे. म्हणजे ही चांदी दख्खनच्या व्यापाराच्या वाटेवर होतीच.

मग येतो क्षहरात घराण्यातला क्षत्रप राजा नहपान. त्याने स्वतःचं चांदीचं नाणं पाडलं ते त्याच जुन्या ड्रॅक्मच्या मापाला धरून, त्याच धाटणीचा राजाचा मुखवटा, आणि गंमत म्हणजे भोवती ग्रीक अक्षरं. पण भाषा ग्रीक नाही! ब्राह्मीत जे ‘राञो क्षहरातस नहपानस’ लिहिलंय तेच ग्रीक अक्षरांत उतरवलंय, मागच्या बाजूला ब्राह्मी आणि खरोष्ठी, मध्ये बाण आणि वज्र. एका छोट्याशा नाण्यावर तीन लिप्या. पुष्कळ नाण्यांवर ती ग्रीक अक्षरं पार बिघडलेली असतात, ठसा कोरणाऱ्याला ती वाचता येत नसावीत असंच वाटतं.

१९०६ मध्ये सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभीला नहपानाच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून जास्त. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता, एका बाजूला तीन कमानींचा डोंगर, दुसऱ्या बाजूला उज्जैनचं चिन्ह. शत्रूला हरवलं आणि त्याचा पैसा वितळवत न बसता त्यावरच आपली मोहोर उमटवली. एखाद्या नाण्यावर डोंगराच्या कमानीखालून नहपानाचं नाक आणि दोन-चार ग्रीक अक्षरं अजून दिसतात, मुलांना तेच दाखवा, सातवाहनांचा धडा पुस्तकातून बाहेर येतो. अंजनेरीला नाणेशास्त्राची संस्था आहे, नाण्यांचं संग्रहालयही आहे, शाळेची सहल त्र्यंबकेश्वरला जातच असेल, वाटेवरच आहे.

प्रश्न: एकाने मला ग्रीक राजाचं कृष्ण-बलरामाचं चांदीचं नाणं विकायला काढलंय, फोटो पाठवलाय. असं नाणं खरंच असतं का? (ठाणे)

उत्तर: असतं, आणि म्हणूनच घेऊ नका. बॅक्ट्रियाचा राजा अ‍ॅगॅथोक्लीज याची सहा चौकोनी चांदीची नाणी १९७० मध्ये अफगाणिस्तानात आय-खानुम इथे फ्रेंच उत्खननात मिळाली, एका बाजूला नांगर आणि मुसळ घेतलेला संकर्षण म्हणजे बलराम, दुसऱ्या बाजूला चक्र आणि शंख घेतलेला वासुदेव म्हणजे कृष्ण. इ.स.पू. दुसऱ्या शतकातली, देवाचं इतकं जुनं चित्र नाण्यावर बघून अंगावर काटा येतो. पण हे नाणं अतिशय दुर्मिळ आहे आणि त्याला भाविक गिऱ्हाईक भरपूर, त्यामुळे नकली माल सर्रास फिरतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवून, वजन न सांगता, पूर्वी कुणाकडे होतं ते न सांगता कुणी विकत असेल तर त्याला उत्तर देण्यातही वेळ घालवू नका. हत्तीवरच्या पोरसाचा पाठलाग करणारा घोडेस्वार असलेल्या सिकंदराच्या त्या मोठ्या नाण्याचंही तसंच, त्याबद्दल तिघांनी विचारलंय, तिघांनाही हेच उत्तर.

प्रश्न: आम्ही वीस वर्षं इथे आहोत. मिस्टरांचा सेल्युकिड आणि इंडो-ग्रीक नाण्यांचा संग्रह आहे. भारतात आलो की काही घेऊन इकडे आणावं असं त्यांना वाटतं. चालतं का? (न्यू जर्सी)

उत्तर: नाही, चालत नाही. १९७२ च्या पुरातन वस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुनं नाणं खाजगी माणसाला भारताबाहेर नेता येत नाही, मग ते दुकानातून पक्क्या बिलावर घेतलेलं असो की आजीने दिलेलं. सामानात एखादंच आहे, कोण बघतंय, असं म्हणू नका. भारतात राहणाऱ्यांसाठीही सांगते, पुरातन वस्तूंचा धंदा करायला त्याच कायद्याखाली लायसन्स लागतं, बिलावर बघून घ्या. उलट तुमच्याकडची नाणी भारतात दाखवायला आणायची असतील तर आधी कस्टम आणि पुरातत्त्व खात्याला लेखी विचारा, नाहीतर परत नेताना अडकाल.

तुमच्या देशातही नियम आहेत. सायप्रस, ग्रीस, तुर्कस्तान अशा देशांशी अमेरिकेचे करार आहेत आणि तिथल्या ठरावीक प्राचीन नाण्यांच्या आयातीवर बंधनं आहेत. म्हणून बंधन लागू झालं त्या तारखेआधीच नाणं त्या देशाबाहेर होतं हे दाखवणारा कागद, जुन्या ऑक्शनच्या कॅटलॉगचं पान, डीलरची तारखेची पावती, हे लागतं.

इंडो-ग्रीकबद्दल मला मनापासून सांगायचंय. १९९२ च्या सुमाराला अफगाणिस्तानात मीर झकाहला एका विहिरीतून लाखोंनी नाणी निघाली, लुटली गेली, पेशावरमार्गे जगभर गेली. आय-खानुमची जागा लुटारूंनी खणून चाळण करून टाकली. काबूलच्या संग्रहालयातली नाणी गेली. कुठलं नाणं कुठल्या थरात, कशाच्या शेजारी होतं, हे सगळं कायमचं पुसलं गेलं, आणि या राजांचा इतिहास लिहायला तर मुख्यतः नाणीच आहेत, कितीतरी राजे फक्त नाण्यांवरूनच माहीत आहेत. मिस्टरांना सांगा, दोन नाणी कमी घ्या पण ज्यांचा मागचा माग सापडतो तीच घ्या, आणि तुमच्याकडच्या प्रत्येक नाण्याचा फोटो, वजन, कुणाकडून, कधी, हे वहीत लिहून ठेवा, मुलांना पुढे ते लागणार आहे.

प्रश्न: शेतात नांगरताना गाडगं निघालं, चांदीची बारीक नाणी आहेत. सोनाराला दाखवू का? (अहिल्यानगर जिल्हा)

उत्तर: सोनाराला नाही, कलेक्टरला, आणि लेखी. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे, दहा रुपयांहून जास्त किमतीचं जमिनीत काही सापडलं तर कळवावं लागतं. कळवलं तर सापडवणाऱ्याचा आणि जमीनमालकाचा हक्क कायद्यातच आहे, लपवलं तर सापडवणाऱ्याचा वाटा जातो आणि शिक्षाही होऊ शकते. नाणी धुऊ नका, वाटून टाकू नका, गाडगं फुटलं असेल तर खापऱ्याही ठेवा, आणि जागेचे फोटो काढून ठेवा.

प्रश्न: मी नववीत आहे. मला ही नाणी फार आवडतात पण पैसे नाहीत. मी काय करू शकते? (डोंबिवली)

उत्तर: अगं, पैसे लागतच नाहीत सुरुवातीला. मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात नाण्यांचं दालन आहे, आईबाबांबरोबर जा आणि भिंग घेऊन जा. मग घरी एक काम कर. नेटवर मिनँडरच्या चांदीच्या ड्रॅक्मचा मोठा, स्पष्ट फोटो शोध, अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीच्या कॅटलॉगमध्ये बॅक्ट्रियन आणि इंडो-ग्रीक नाण्यांचा वेगळा विभाग आहे. एका बाजूला राजा आणि त्याच्याभोवती ग्रीक, ‘बासिलेओस सोतेरोस मेनान्द्रू’. दुसऱ्या बाजूला वज्र उगारलेली अथेना आणि तिच्याभोवती खरोष्ठीत ‘महरजस त्रतरस मेनद्रस’. खरोष्ठी उजवीकडून डावीकडे वाचायची. तिन्ही शब्दांच्या शेवटी ‘स’ आहे, आधी ते एकच अक्षर तीन ठिकाणी शोध, मग ‘र’ शोध, तो ‘महरजस’मध्येही आहे आणि ‘त्रतरस’मध्येही. असं करत करत अक्षरांचा तक्ता तुझा तूच तयार कर. १८३० च्या दशकात जेम्स प्रिन्सेप आणि इतरांनी ही विसरलेली लिपी वाचली ती याच दोन भाषांच्या नाण्यांच्या आधाराने, तक्ते न बघता.

तक्ता झाला की अपोलोडोटसचं चौकोनी ड्रॅक्म घे, हत्ती एका बाजूला आणि वशिंडाचा बैल दुसऱ्या बाजूला, आणि त्यावरचं नाव कुणाची मदत न घेता वाचून बघ. वाचलेलं मला फोटोसकट पाठव, कुठे अडलं तेही लिही, पुढच्या अंकात त्यावर उत्तर देते.